कॉलेजचं मागचं दार

पोरीसाठी घर बघायला गेलं की बाकीची मंडळी पुढच्या सोप्यात गादीवर टेकायची आणि आप्पा चपला हातात घेऊन घराच्या बाजूनं मागं चालू लागायचे. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "हातपाय धुऊन येतो." पुढं नळ असला, बादली भरून ठेवलेली असली, घरातलं कुणी टॉवेल घेऊन उभं असलं तरी आप्पांचे हातपाय मागच्या दारीच धुतले जायचे. तोवर पोहे निवायचे, चहावर साय धरायची. मुलाकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायची.

परत आले की ते बसायचे, आणि मी बाहेरून त्यांच्या टोपीवर डोळा ठेवायचो. टोपी काढून मांडीवर ठेवली तर घर पसंत. टोपी डोक्यावरच राहिली तर मी मुकाट जाऊन गाडी वळवून ठेवायचो.

माझी व्हॅन भाड्याची. बेळगावजवळ कंग्राळीत आमची आळी एक, म्हणून आप्पा निघाले की गाडी माझीच ठरलेली, आणि पुढची खिडकीजवळची जागा त्यांची. त्यांनी कितीतरी लग्नं जुळवली. मध्यस्थ म्हणून कधी कुणाकडून काही घेतलं नाही. लग्नात मानाची टोपी आणि टॉवेल मिळायचा, तेवढंच. त्या टोप्यांची चळत त्यांच्या माळ्यावर होती, आणि आप्पांच्या डोक्यावर मात्र बारा महिने एकच, कडेला पिवळी पडलेली. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. पण मागच्या दारानं घर बघणारा तुम्हाला भेटला असेल असं मला वाटत नाही.

निपाणीजवळच्या एका बंगल्याची गोष्ट सांगतो. पुढं फरशी अशी की पाय ठेवायला भीती वाटावी. पोरीचा बाप तर त्या फरशीवरच भाळला होता. आप्पा मागं गेले, आले, टोपीला हात लावला नाही. वाटेत पोरीच्या बापानं फार छेडलं तेव्हा म्हणाले, "माणसं चांगली असतील बा. पण थोरली सून धुण्याच्या दगडाजवळ उभ्यानं जेवूलाली होती." बाप म्हणाला, घाई असेल. आप्पा म्हणाले, "ताटलीत कालचा भात होता. घाई कालपास्नं हाय व्हय?"

ती सोयरीक तिथंच मोडली. आणि आमच्या भागात एक वाक्य रूढ झालं. कुणी गाडी घेतली, प्लॉट घेतला, कुणाच्या दुकानात भागी केली, की चेष्टेनं विचारायचं, "मागचं दार बघितलासा काय?"

त्यांना मोबाईलचा भारी राग. पोराचा फोटो, बायोडाटा कुणी पुढं केला की हात मागं घ्यायचे. "फोटो बघून मी म्हैसबी घेत न्हाय." कानडी त्यांना मराठीइतकंच यायचं, पण ते मागच्या दारी ठेवलेलं. पुढं बाप्यांशी मराठी, मागं बायकांशी कानडी. चिकोडीच्या बाजूला घरातलं खरं काय ते बायका कानडीतच सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची स्वतःची लेक सांबऱ्यात दिलेली. घर सोन्यासारखं. एकदा तिला माहेराहून पोचवायला आम्ही दोघं निघालो होतो. रस्त्यात कॉलेजच्या पोरी बसची वाट बघत उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघत ती सहज म्हणाली, "आप्पा, घर तुम्ही मला झकास बघितलासा. पण मला आणि कुठं जाता आलं असतं, ते कुणी बघितलंच न्हाय." रागानं नव्हे हो, हसतच म्हणाली. आप्पा सांबरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आता सानिकाचं सांगतो, कारण आप्पा म्हटलं की मला तीच आठवते.

सानिका म्हणजे आमच्या समोरच्या परशरामची पोरगी. परशराम पहाटे शहरात दूध घालायचा आणि मग फौंड्रीत कामाला जायचा. घरी म्हशी. सानिका त्यांच्यातच वाढली. ती हायस्कूलला असताना त्यांची एक म्हैस विताना अडली. डॉक्टर कुठं लांब गेलेला, येईपर्यंत म्हैस गेली, रेडकूही गेलं. परशरामनं दोन दिवस तोंडात घास घातला नाही. पोरगीनं मात्र तेव्हाच मनात घेतलं की आपण जनावरांची डॉक्टर व्हायचं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं, रात्रंदिवस अभ्यास केला, आणि खरोखर व्हेटर्नरीला सरकारी सीट लागली.

लागली ती कुठं, तर पार दक्षिणेला, सुपारीच्या बागांच्या मुलखात. तिथं मराठी बोलणारं औषधालाही मिळायचं नाही. आठ दिवसांत जाऊन दाखल व्हायचं, नाहीतर सीट दुसऱ्याला.

पेढे वाटायचे सोडून घरात सुतक पडल्यासारखं झालं. भावकीतले येऊन शहाणपण शिकवून गेले. शेणात हात घालायला एवढ्या लांब कशाला पाठवायची, ते इथंही शिकता येतं, असं एकजण म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याचं मुस्काट फोडावं असं मला वाटलं. परशराम वाईट बाप नव्हता. घाबरला होता. पोरगी आजारी पडली तर पोचायला अर्धा दिवस, तिचं दुखलं खुपलं ऐकणार कोण, हेच त्याच्या डोक्यात. शेवटी तो आप्पांच्या कट्ट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आप्पा, अठरा पुरी झाली तिची. जवळपास एक चांगलं घर बघा. म्हणजे मी सुटलो."

मी तिथंच होतो. आप्पांनी बराच वेळ सुपारी कातरली.

"घर बघतो," ते म्हणाले. "सदलग्यात एक हाय. पण माझी एक अट. घर बघायचं तसं कॉलेजबी बघायचं. दोन्हीचं मागचं दार बघायचं. मग काय ते ठरवायचं."

परशराम म्हणाला, कॉलेजला कसलं मागचं दार. आप्पा म्हणाले, जिथं पोरगी नांदायला जाणार त्या प्रत्येक जागेला मागचं दार असतं. आणि आप्पांचा शब्द आळीत कुणी मोडत नसे, म्हणून परशराम कबूल झाला.

मला आतून आनंद झाला. वाटलं, आप्पांनी डाव टाकला. सदलग्याच्या घरात काहीतरी खोट काढणार आणि पोरगीला सोडवणार. सानिकालाही तसंच वाटलं असणार, कारण गाडीत बसताना ती माझ्याकडं बघून बारीक हसली.

सदलग्याचं घर साधं होतं. आप्पा रिवाजाप्रमाणं मागं गेले. आले. बसले. आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. सासूसुना एका पंगतीला बसून जेवत होत्या, सासू सुनेला वाढत होती, मागं न्हाणीला दार होतं, दाराला आतून कडी होती. पोरगाही चांगला, साखर कारखान्यात नोकरीला. "घर चांगलं हाय, परशराम. खोटं कशाला बोलू."

सानिका मागच्या सीटवर होती. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आप्पा, मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूचं हायसा."

आप्पांनी मागं वळून बघितलं नाही. "मी कुणाच्याच बाजूचा न्हाय बाळ. बाजू घेतली तर उद्या माझं कोण ऐकंल? अजून एक दार बघायचं ऱ्हायलंय."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू. त्या दिवशी मी त्यांना त्यांच्या दारात न सोडता कोपऱ्यावरच उतरवलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, असं वाटतं.

दोन दिवसांनी दिवस उगवायलाच आम्ही निघालो. आप्पा, परशराम, सानिका, तिची आई आणि मी. धारवाड गेलं, हुबळी गेली, काळी जमीन संपून लाल लागली, मग दोन्ही बाजूंना सुपारीची झाडं. परशराम प्रत्येक गावाच्या पाटीकडं बघून घर किती लांब राहिलं ते मला विचारत होता. आप्पा खिडकीतून बागा बघण्यात दंग.

कॉलेजचं पुढचं दार बघून तर माझीच उमेद खचली. भिंती शेवाळलेल्या. फाटकावरच्या नावातली अक्षरं गळलेली. ऑफिसच्या खिडकीतला माणूस परशरामला कानडीत भराभर काहीतरी बोलला आणि जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी लावून घेतली. परशरामला कानडी कळत होतं, पण तो पाणउतारा त्याच्या जिव्हारी लागला. "ह्याच्यापरास आपलं दूध डेअरीचं गोडावून बरं," असं म्हणून तो गाडीकडं वळला. सानिकाच्या आईनं पोरीचा हात धरला. खरं तर सगळं तिथंच संपलं होतं.

पण आप्पा कुठं होते? चपला हातात घेऊन मागं गेले असणार.

थोडा वेळ वाट बघितली. मग आम्ही त्यांना शोधायला इमारतीच्या मागं गेलो. मागं मोठं अंगण, त्यापलीकडं गोठा, आणि गोठ्यात शिकणाऱ्या पोरींची गर्दी. आप्पा गव्हाणीला टेकून उभे होते. मधे एक म्हैस आडवी पडलेली, अडलेली. तिच्यामागं गुडघ्यावर एक पोरगी, आपल्या सानिकापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी असेल. पायांत गमबूट, हातात खांद्यापर्यंत मोजा, आणि सगळा हात म्हशीच्या आत. शेजारी तिच्या मॅडम उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या, आता पाय धर, ओढू नको, तिला कळ येऊ दे.

परशराम जागच्या जागी थांबला. त्याला काय आठवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

म्हैस मान झाडायला लागली, तशी सानिका आईचा हात सोडून आत शिरली. कुणाला विचारलं नाही. म्हशीच्या डोक्याशी बसली, तिचं तोंड मांडीवर घेतलं, कानामागं खाजवत आपल्या मराठीतच तिला समजवायला लागली. त्या कानडी म्हशीला काय कळलं देव जाणे, पण ती निवांत झाली. मॅडमनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, असू दे तिला.

बराच वेळ गेला. मग पाय आले, मग डोकं आलं, आणि रेडकू बाहेर घसरलं. त्या गमबूटवाल्या पोरीनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढीनं चोळलं, आणि ते शिंकलं. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. परशराम गव्हाणीला धरून उघडउघड रडला. त्याला लाज वाटली नाही आणि मलाही वाटली नाही, कारण माझेही डोळे कोरडे नव्हते.

एवढ्यानं आप्पांचं भागणारं नव्हतं. ते तिथून होस्टेलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेले. स्वयंपाकाच्या बाईशी कानडीत बोलले. पोरी काय खातात, आजारी पडली तर पेज कोण देतं, सुट्टीला घरी न गेलेल्या पोरींना काय करता, सगळं विचारलं. ती बाई आधी भांबावली, मग बोलायला लागली ती थांबेचना. झुरळं निघाली तेव्हा कोण कशी रडली, कुणाला रात्री कढी लागते, सगळं तिला ठाऊक. आत पोरी पाटावर बसून जेवत होत्या आणि फिदीफिदी हसत होत्या. त्या बाईनं आम्हा सगळ्यांना बसवलं आणि भात-सांबार वाढलं.

आप्पा बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

परशराम ती टोपी बघून म्हणाला, "आप्पा, आता दोन्हीकडं टोपी निघाली. मी काय करू?"

आप्पांनी आधी घास संपवला. "सदलग्याचं घर पाच वर्सांनीबी असंल. ते न्हाई तर दुसरं असंल, मी हुडकतो. हे घर पाच वर्सांनी हिला आत घेणार न्हाय. आणि परशराम, माझ्या लेकीला मी एकच दार दाखवलं. तुझ्या लेकीला तू दोन दाखवलास. आता तिलाच इचार."

परशरामनं सानिकाकडं बघितलं. तिच्या ड्रेसवर म्हशीची लाळ होती, केसांत पेंढीची काडी. तिला काय हवं ते न विचारताच तो म्हणाला, "बाळ, इथली थंडी तुला सोसंल न्हवं?"

झालं. आप्पांनी बंडीच्या खिशातून अख्खी सुपारी काढली. स्वयंपाकाच्या बाईकडं वरवंटा मागितला आणि होस्टेलच्या मागच्या पायरीवर सुपारी फोडली, लग्न ठरल्यावर फोडतात तशी. एक खांड परशरामला दिलं. दुसरं त्या बाईच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्या आमच्या विहीणबाई." ती बाई पदर तोंडाला लावून हसली, आत गेली आणि सगळ्यांना पुरतील एवढी पानं घेऊन आली. मग ऑफिसची खिडकी उघडली आणि सानिका दाखल झाली.

येताना मी आप्पांना त्यांच्या अगदी उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलं.

सदलग्याला आप्पा स्वतः जाऊन सांगून आले. ती माणसं खरंच चांगली, रागावली नाहीत. पुढं त्या पोराचं दुसरीकडं झालं, आणि आता त्यांच्या म्हशीला काही झालं की तिथल्या सासूबाई सानिकालाच फोन करतात. डॉक्टरीणबाई, येऊन जावा म्हणतात.

त्यानंतर आप्पांचा धंदाच बदलला म्हणा ना. जून उजाडला की आईबाप पोरापोरींना घेऊन त्यांच्या कट्ट्यावर. कुणाला डिप्लोमा, कुणाला आयटीआय, कुणाला शहरात की कोल्हापूरला. आप्पांना त्यातलं शिक्षण काही कळत नव्हतं आणि तसं ते सांगायचेही. कुठला कोर्स ते तुम्ही बघा, मी फक्त मागं जाऊन येतो. एका ठिकाणी पुढं सगळ्या काचा आणि कारंजं, आणि मागं पोरींच्या संडासाला कुलूप. टोपी डोक्यावरच राहिली. भरपूर सामान घेऊन दाखल व्हायला आलेलं ते कुटुंब तसंच परत फिरलं, आणि वाटेत मला शिव्या त्यांच्या.

सानिका डॉक्टर होऊन आली तेव्हा गावानं वेशीवर तिचं केवढं मोठं पोस्टर लावलं. भाषणं झाली, फेटे बांधले. आप्पा तेव्हा थकले होते, कार्यक्रमाला आले नाहीत. सानिका फेट्यासकट उठली आणि त्यांच्या घराकडं गेली, तीही पुढच्या दारानं नाही. गोठा मागं असतो ना. आधी त्यांच्या म्हशीला तपासलं, मग मागच्या दारातून आत आली. आप्पा खाटेवरून म्हणाले, "आता माझ्यापरास तूच जास्त मागची दारं बघणार." असे हसले की खोकला लागला.

आप्पा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या लेकीनं माळ्यावरच्या टोप्या काढल्या आणि ज्यांच्या ज्यांच्या गाठी आप्पांनी बांधल्या त्यांच्या घरी एकेक दिली. माझी गाठ काही त्यांनी बांधली नव्हती, पण मलाही दिली, आणि ती नवी नव्हे, त्यांच्या डोक्यावरची, कडेला पिवळी पडलेली.

यंदा माझ्या पोरीची बारी आली. तिला नर्सिंगला जायचंय. कॉलेज बघायला निघालो तेव्हा सानिका सुट्टी काढून आली आणि पुढच्या सीटवर बसली. मी ती टोपी घातली होती. तिनं ती लगेच ओळखली.

फाटकावर वॉचमन होता. आम्ही ऑफिसकडं न जाता बाजूनं निघालो तशी त्यानं कपाळाला हात लावला आणि कानडीत म्हणाला, बेळगावकडचे का? तुमच्याकडच्या माणसांना पुढचं ऑफिस दिसतच नाही काय? आत्ताच तिघंजण मागं गेलेत.

मागं जाऊन बघतो तर खरंच. सांबऱ्याकडचं एक जोडपं स्वयंपाकाच्या बाईशी बोलत उभं. नळाजवळ खानापूरचा एक उंच गडी ओंजळीनं पाणी पिऊन बघत होता. मी त्याला विचारलं, इकडं कुठं? तो मला अडाणी समजून नीट समजावून सांगायला लागला. "दादा, मागचं दार बघायचं असतंय. आमच्या भागात पद्धतच हाय तशी. पहिल्यापास्नं."

मी त्याला विचारलं, ही पद्धत कुणी पाडली? तो म्हणाला, ते काय ठाऊक न्हाय. सानिका पलीकडं वळून ओढणीनं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

तेवढ्यात माझी पोरगी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आली. तोंडात घास, हातात ताट. म्हणाली, "बाबा, ह्या मावशी बसा म्हणूलाल्यात. सगळ्या बसूनच जेवत्यात हितं."

सानिकानं पर्समधून अख्खी सुपारी काढली आणि वरवंटा मागायला आत गेली. मी पायरीवर बसलो, डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.